'फ्लाइट' (१९२९) : एका बोलपटातील दोन मौने

प्रस्तावना

'द जॅझ सिंगर' (१९२७) या चित्रपटाच्या यशानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील मूकपटांची निर्मिती जवळजवळ थांबली. या संक्रमणाचा इतिहास बहुधा वॉर्नर, फॉक्स, पॅरामाउंट, एमजीएम अशा मोठ्या संस्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ध्वनिमुद्रणाची यंत्रे कोणी आधी घेतली, चित्रपटगृहांत कर्णे कोणी आधी बसवले, कोणत्या नटाचा आवाज टिकला आणि कोणाचा पडला, हे प्रश्न त्यात वारंवार येतात. ज्यांच्याजवळ स्वतःची चित्रपटगृहे नव्हती, तारे-तारका नव्हत्या आणि फारसे भांडवलही नव्हते, त्या लहान संस्थांनी हे स्थित्यंतर कसे पेलले, हा विषय सहसा तळटीपेत जातो. वास्तविक ध्वनीच्या आगमनाने चित्रपटकलेत जे नैतिक व राजकीय प्रश्न निर्माण झाले, त्यांपैकी काही या लहान संस्थांच्या चित्रपटांत अधिक उघडपणे दिसतात. मोठ्या भांडवलाच्या झगमगाटाखाली ते झाकले जात नाहीत.

फ्रँक काप्रा दिग्दर्शित 'फ्लाइट' हा कोलंबिया संस्थेचा बोलपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये तो न्यूयॉर्क येथे प्रथम प्रदर्शित झाला. अमेरिकी मरीन कोअरचे वैमानिक, त्यांची मैत्री, एका परिचारिकेवरील दोघांचे प्रेम आणि निकाराग्वातील मोहीम असा त्याचा विषय आहे. लष्करी प्रणयकथेचा हा साचा तेव्हाही नवा नव्हता. तरीही चित्रपट आज पाहताना एक गोष्ट लक्ष वेधून घेते. ध्वनी आला म्हणजे पडद्यावरील माणसे बोलू लागली, असे आपण सरसकट म्हणतो. पण कोणती माणसे? 'फ्लाइट'मध्ये दोन मौने आहेत. एक मौन कथेच्या केंद्रस्थानी असून दिग्दर्शकाने ते अतिशय जाणतेपणाने हाताळले आहे. दुसरे मौन इतके संपूर्ण आहे की ते मौन आहे, हेच चित्रपटाच्या गावी नाही. या दोहोंचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दारिद्र्याच्या आळीतील संस्था

हॉलिवूडमध्ये गोवर स्ट्रीटच्या परिसरात लहानसहान चित्रनिर्मात्यांची जी वस्ती होती, तिला 'पॉव्हर्टी रो', म्हणजे दारिद्र्याची आळी, असे म्हटले जाई. हॅरी कोन, जॅक कोन आणि जो ब्रँट यांनी चालवलेली सीबीसी ही संस्था याच आळीतील. तिच्या आद्याक्षरांचा 'कॉर्न्ड बीफ अँड कॅबेज' असा विस्तार करून व्यवसायातील लोक तिची टिंगल करीत. १९२४ मध्ये तिचे 'कोलंबिया' असे नामांतर झाले, तरी पत्ता तोच राहिला आणि काटकसरही तीच. १९२७ च्या अखेरीस काप्रा येथे रुजू झाला. १९२८ या एका वर्षात त्याचे कोलंबियासाठीचे सात चित्रपट प्रदर्शित झाले, एवढ्यावरूनच कामाचा वेग आणि खर्चाचे प्रमाण कळून येते.

या सातांपैकी 'सबमरीन' हा कोलंबियाच्या मानाने मोठा चित्रपट होता. त्यात जॅक होल्ट व राल्फ ग्रेव्हज ही जोडी प्रथम जुळली. आरमारातील दोन जिवलग दोस्त, त्यांच्यात वितुष्ट आणणारी एक स्त्री आणि अखेरीस जिवावर उदार होऊन केलेली सुटका, हे त्याचे सूत्र. ते चालले, म्हणून पाण्याखालून आकाशात नेण्यात आले; 'फ्लाइट' हा त्याचा परिणाम. मूळ कथा खुद्द राल्फ ग्रेव्हजची, तर संवादलेखनाचे श्रेय काप्राकडे आहे. पुढे याच जोडीला घेऊन 'डिरिजिबल' (१९३१) झाला आणि त्रयी पूर्ण झाली.

येथे एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. विमानांचा ताफा, विमानतळ, गणवेशातील शेकडो जवान, छावण्या, शस्त्रे हे सारे कोलंबियासारख्या संस्थेला परवडले कसे? पॅरामाउंटच्या 'विंग्ज' (१९२७) या हवाई युद्धपटावर सुमारे वीस लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगितले जाते, आणि त्यालाही अमेरिकी सैन्याचे भरघोस साहाय्य होतेच. हॉवर्ड ह्यूजेसने 'हेल्स एंजल्स' (१९३०) साठी स्वतःच विमाने जमवली व त्यापायी अफाट पैसा ओतला. कोलंबियाजवळ दोन्ही मार्ग नव्हते. तिने मरीन कोअरचे दार ठोठावले. सॅन दिएगोजवळील नॉर्थ आयलंड येथील हवाई तळ, कर्टिस बनावटीची दुपंखी विमाने आणि ती चालवणारे वैमानिक तिला उपलब्ध झाले. निकाराग्वाचे डोंगर कॅलिफोर्नियातच उभे राहिले.

मरीन कोअरला यातून काय मिळणार होते, हेही उघड आहे. पहिल्या महायुद्धानंतर मरीनच्या हवाई शाखेला आपली उपयुक्तता पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागत होती, आणि निकाराग्वा हे तिचे ताजे प्रात्यक्षिक होते. एमजीएमचा 'टेल इट टू द मरीन्स' (१९२६) मरीन कोअरच्या सहकार्यानेच बनला होता व त्याचा लाभ उभयतांना झाला होता. तात्पर्य, गरीब संस्थेने विमाने उसनी घेतली आणि त्यांची परतफेड कथेच्या रूपाने केली. हा आरोप नव्हे. व्यवहाराचे स्वरूप आहे. मात्र समीक्षेने अशा चित्रपटाचे सौंदर्य तपासताना हे उसनवारीचे खाते उघडून पाहिले पाहिजे. तसे न केल्यास चित्रपटातील अनेक निवडी दिग्दर्शकाच्या लहरी वाटू लागतात.

कथानक आणि चुकीची दिशा

कथेचा आरंभ एका अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यातून होतो. लेफ्टी फेल्प्स (राल्फ ग्रेव्हज) हा खेळाडू गोंधळून चेंडू घेऊन उलट्या दिशेने, आपल्याच गोलरेषेकडे धावतो आणि त्याचा संघ हरतो. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १ जानेवारी १९२९ रोजी पॅसडिना येथील 'रोझ बोल' सामन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रॉय रीगल्स असाच सुमारे ६५ यार्ड चुकीच्या दिशेने धावला होता. त्याच्याच सहकाऱ्याने त्याला गाठून थोपवले, पण जॉर्जिया टेकने सामना ८-७ असा जिंकला. साऱ्या देशात चर्चिली गेलेली ही घटना त्याच वर्षीच्या चित्रपटात आली. ताज्या वर्तमानपत्रातून विषय उचलणे ही लहान संस्थांची जुनी खोड. पण या चित्रपटात तिचा उपयोग केवळ चटकदार आरंभापुरता नाही.

नामुष्कीतून सुटण्यासाठी लेफ्टी मरीन कोअरच्या हवाई प्रशिक्षणासाठी पेन्साकोला येथे दाखल होतो. 'पनामा' विल्यम्स (जॅक होल्ट) हा अनुभवी सार्जंट त्याचा प्रशिक्षक व पाठीराखा होतो. एकट्याने विमान उडवण्याच्या पहिल्याच वेळी स्टीव्ह रॉबर्ट्स हा सहाध्यायी त्या सामन्याची आठवण काढून त्याला डिवचतो. लेफ्टीचा धीर सुटतो, विमान कोसळते, आणि पनामा त्याला जळत्या विमानातून बाहेर काढतो. वैमानिक होण्याची संधी हुकते. पनामा त्याला आपला यांत्रिक म्हणून जवळ ठेवून घेतो. याच काळात एलिनॉर मरे (लायला ली) ही परिचारिका कथेत येते. पनामाचे तिच्यावर प्रेम आहे. तिचे मन मात्र लेफ्टीकडे ओढ घेते. पथक निकाराग्वात 'लोबो' नावाच्या दरोडेखोर सेनानीच्या बंदोबस्तासाठी जाते. एलिनॉरही तेथे येते, गैरसमज होतो, मैत्री तुटते. पुढे लेफ्टी स्टीव्हबरोबर विमानात असताना ते दलदलीत पडते. स्टीव्ह मरतो. पनामा एकटाच शोधाला निघतो, लेफ्टीला गाठतो, स्वतः जखमी होतो. आणि एकदा विमान पाडून बसलेला लेफ्टी तेच विमान चालवून दोघांना परत आणतो.

मुलाला हरवलेला आत्मविश्वास परत मिळतो, मित्राला मित्र मिळतो, प्रियकराला प्रेयसी मिळते. निकाराग्वाला काय मिळते, हा प्रश्न कथानकाच्या रचनेत कोठेच बसत नाही. चुकीच्या दिशेने धावणे हे या चित्रपटाचे मध्यवर्ती रूपक मानले, तर त्यातील दिशेची चिंता सर्वस्वी एका तरुणापुरती आहे. जे सैन्य त्याला सामावून घेते, त्याची दिशा कोणती, याविषयी चित्रपट निःशंक आहे.

पनामाचे मौन

हे मान्य करूनही 'फ्लाइट' हा निव्वळ प्रचारपट म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याचे कारण पनामा विल्यम्स हे पात्र आणि जॅक होल्टचा अभिनय.

पनामा हा धिप्पाड, रांगडा, हाताखालच्या पोरांना झाडणारा सार्जंट. विमानासंबंधी बोलताना त्याची जीभ अडखळत नाही. पण एलिनॉरसमोर उभे राहिले की त्याचे शब्द गळून पडतात. अखेर तो लेफ्टीलाच गळ घालतो, की माझ्या वतीने तू तिला मागणी घाल. एकाने दुसऱ्यासाठी मागणी घालावी आणि मुलीने मध्यस्थावरच जीव जडवावा, ही कल्पना अमेरिकन वाचकांच्या परिचयाची होती. लाँगफेलोच्या 'द कोर्टशिप ऑफ माइल्स स्टँडिश' (१८५८) या काव्यात ती येते. काप्राने ती जशीच्या तशी घेतली, असे म्हणता येईल. तथापि १९२९ मध्ये, बोलपटाच्या पहिल्या उमाळ्यात, ही निवड करण्यात एक वेगळेच औचित्य होते.

त्या वर्षीचे अनेक बोलपट आज पाहणे कंटाळवाणे होते. त्यांतील पात्रे बोलतात, कारण त्यांना बोलता येते. ध्वनिमुद्रणासाठी कॅमेरा बंदिस्त खोक्यात कोंडलेला, ध्वनिग्राहक एखाद्या फुलदाणीत दडवलेला आणि नट त्याभोवती खिळलेले, अशा स्थितीत शब्द हेच प्रदर्शनाचे साधन झाले होते. अशा काळात ज्याला बोलता येत नाही असा मनुष्य प्रणयकथेच्या मध्यभागी उभा करणे म्हणजे नव्या माध्यमाला त्याची मर्यादा दाखवणे होते. पनामाच्या अडखळण्यात मूकपटाची भाषा जिवंत राहते. मान वळवणे, टोपीशी चाळा करणे, निरर्थक वाक्याने सुरुवात करून ते सोडून देणे, यांतून जे कळते ते त्याच्या तोंडी एखादे लांब भाषण घालून कळले नसते. होल्ट हा मूकपटातच घडलेला नट होता. त्या घडणीचा येथे अडसर झाला नाही, उलट लाभ झाला. लेफ्टी व पनामा यांच्या संभाषणांतही तयार पाठ म्हटल्याचा वास नाही. मित्र जसे अर्धवट, एकमेकांना तोडत बोलतात, तसे ते बोलतात. काप्राच्या पुढील चित्रपटांत संवादाचा जो ओघवता, घरगुती सूर सर्वांच्या ओळखीचा झाला, त्याची पूर्वचिन्हे येथे स्पष्ट आहेत.

एलिनॉरच्या बाबतीत मात्र लेखणी कंजूष आहे. ती दोन पुरुषांच्या मैत्रीची कसोटी म्हणून कथेत आणलेली आहे, हे लपत नाही. तिला स्वतःचा असा एकच क्षण मिळतो. मध्यस्थ म्हणून आलेल्या लेफ्टीला ती आपले मन सांगते, आणि दोन्ही पुरुष जे करू शकले नाहीत ते एका वाक्यासरशी करते. हा क्षण सोडला तर लायला लीला करण्यासारखे फारसे उरत नाही. 'व्हॉट प्राइस ग्लोरी' (१९२६) पासून या साच्यात स्त्रीचे स्थान असेच ठरून गेले होते.

पनामाच्या मौनाला चित्रपट प्रतिष्ठा देतो. प्रेक्षकाने ते ऐकावे, त्यातील व्यथा जाणावी, यासाठी तो थांबतो. आपला मित्र आपल्याशी खोटा वागला, या समजाने पनामा संतापतो, तेव्हाही त्याच्या संतापातील शब्दांपेक्षा त्यामागील न बोललेले दुःख आपल्यापर्यंत पोहोचते. हाच चित्रपट निकाराग्वातील माणसांकडे वळतो, तेव्हा त्याची श्रवणशक्ती जणू नाहीशी होते.

लोबो आणि सान्दिनो

'लोबो' म्हणजे स्पॅनिश भाषेत लांडगा. मरीन ठाण्यावर हल्ला करणारा, डोंगरात लपणारा, टोळी घेऊन फिरणारा हा सेनानी कोणावरून घेतला आहे, हे १९२९ मधील वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नव्हते. निकाराग्वातील यादवी मिटवण्यासाठी अमेरिकी प्रतिनिधी हेन्री स्टिम्सन यांनी मे १९२७ मध्ये तिपितापा येथे जो करार घडवून आणला, तो उदारमतवादी पक्षाचे सेनापती मोंकादा यांनी स्वीकारला. ऑगुस्तो सान्दिनो या त्यांच्या एका सहकाऱ्याने तो नाकारला व परकी सैन्य मायभूमीवर असेतो शस्त्र खाली ठेवणार नाही, अशी भूमिका घेतली. १६ जुलै १९२७ रोजी त्याच्या माणसांनी ओकोताल येथील मरीन ठाण्याला वेढा घातला. तेव्हा मेजर रॉस रोवेल यांच्या नेतृत्वाखाली पाच विमाने आली आणि त्यांनी सूर मारून बाँब व गोळ्यांचा वर्षाव केला. सुसंघटितपणे केलेल्या सूर-बाँबफेकीच्या जगातील अगदी आरंभीच्या घटनांत तिची गणना होते. मृतांच्या संख्येविषयी मतभेद आहेत. पण ती शेकड्यांच्या घरात सांगितली जाते. विमानविरोधी शस्त्रे नसलेल्या, उघड्यावरील माणसांची ती हानी होती. या अनुभवानंतर सान्दिनोने समोरासमोरची लढाई सोडून गनिमी कावा पत्करला.

चित्रपटातील हल्ल्याचा व हवाई प्रत्याघाताचा प्रसंग या घटनेचे सरळ रूपांतर आहे. त्यामुळेच काय बदलले, हे पाहणे उद्बोधक ठरते. सान्दिनो हा अत्यंत बोलका पुढारी होता. त्याने जाहीरनामे काढले, पत्रे लिहिली. ओकोतालचे ठाणेदार कॅप्टन हॅटफील्ड यांच्याशीही त्याचा पत्रव्यवहार झाला. एका मरीनचे मस्तक छाटणाऱ्या निकाराग्वी माणसाचे चित्र असलेला शिक्का तो आपल्या पत्रांवर उमटवी. कार्लटन बील्स या अमेरिकी पत्रकाराने १९२८ च्या आरंभी त्याला डोंगरात गाठले व त्याची मुलाखत 'द नेशन' या नियतकालिकातून अमेरिकी वाचकांपुढे ठेवली. म्हणजे 'फ्लाइट'च्या निर्मितीपूर्वीच त्याची बाजू इंग्रजीत छापून आली होती. अमेरिकी सरकार त्याला 'बँडिट' म्हणत असे. पण तो शब्द वादग्रस्त आहे, हे सिनेटमधील चर्चांतूनही दिसत होते.

बोलपटाने या बोलक्या माणसाला मुके केले. लोबोच्या वाट्याला आपण का लढतो हे सांगणारे एकही वाक्य नाही. तो ठाण्यावर तुटून पडतो, माणसे मारतो, आणि अखेरीस नायकांच्या मार्गातील अडथळा म्हणून समोर येतो. मूकपटाच्या काळात खलनायकाला वाक्ये नसणे समजण्यासारखे होते; तेव्हा कोणालाच नव्हती. जेथे साधा सार्जंटही मनमुराद बोलतो, तेथे शत्रूचे न बोलणे ही निवड ठरते. ध्वनीने मानवी संवाद समृद्ध केला, असे जे विधान केले जाते, ते या ठिकाणी अर्धेच खरे राहते. ध्वनीमुळे पडद्यावर प्रथमच बोलणारे आणि न बोलणारे असे दोन वर्ग निर्माण झाले.

एका करमणूकप्रधान चित्रपटाकडून एवढी राजकीय अपेक्षा का करावी, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याला चित्रपटातच उत्तर आहे. कथेला रणभूमी हवी होती, एवढेच असते तर एखादे काल्पनिक प्रजासत्ताक चालले असते; हॉलिवूडमध्ये अशा देशांचा तुटवडा नव्हता. अमेरिकी चित्रव्यवसायाच्या संघटनेने १९२७ मध्ये निर्मात्यांसाठी जी सावधगिरीची यादी तयार केली, तिच्यात परदेशांचा इतिहास, संस्था, प्रमुख व्यक्ती व नागरिक यांचे अवमानकारक चित्रण टाळावे, असे सांगितले होते. तरीही 'फ्लाइट'मध्ये निकाराग्वाचे नाव तसेच राहिले आणि बदलले ते फक्त सान्दिनोचे. देशाचे नाव बातमीच्या ताजेपणासाठी हवे होते. माणसाचे नाव अडचणीचे होते. बातमीचा लाभ घ्यायचा आणि बातमीतील वाद मात्र गाळायचा, असा हा हिशेब आहे. विमाने ज्यांनी दिली त्यांच्या दृष्टीने तो चोख होता.

आकाश आणि चिता

चित्रपटातील हवाई दृश्यांविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. छायालेखक जोसेफ वॉकर हे काप्राचे अनेक वर्षांचे सहकारी. विमानातून चित्रण करण्यात निष्णात असलेले एल्मर डायर यांचाही यात वाटा आहे. नटाच्या पाठीमागे पडद्यावर चित्र फेकून आकाशाचा आभास निर्माण करण्याचे तंत्र तेव्हा रुळले नव्हते. त्यामुळे नटाच्या चेहऱ्यामागे सरकणारे ढग आणि तिरपी होणारी जमीन यांना एक निःसंशय खरेपणा आहे. उघड्या आसनांच्या त्या विमानांत इंजिनाच्या घरघरीपुढे मानवी शब्द टिकणे शक्य नव्हते. साहजिकच या भागात बोलपट पुन्हा हातवाऱ्यांकडे आणि नजरेकडे वळतो, आणि जमिनीवरील काही प्रसंगांत आलेला जडपणा येथे आपोआप गळून पडतो. मोहिमेला निघालेल्या विमानांची रांग डोंगररांगेवरून सरकते, तेव्हा खाली काय होणार आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक त्या दृश्याच्या सौंदर्याला वश होतो. वरून पाहिले की माणसे ठिपक्यांएवढी दिसतात, आणि ठिपक्यांना आवाज नसतो. लोबोच्या माणसांचे मुकेपण केवळ संवादलेखकाने घडवलेले नाही. कॅमेरा विमानात बसला त्या क्षणी त्याची निम्मी सिद्धता झाली होती.

या पार्श्वभूमीवर दलदलीतील प्रसंग मनात राहतो. लेफ्टी आणि स्टीव्ह पडलेल्या विमानाजवळ अडकून पडले आहेत. ज्याच्या एका टोमण्याने लेफ्टीचे भवितव्य बिघडले, तोच स्टीव्ह आता त्याच्या आधारावर शेवटचे तास काढतो. त्याच्या मृत्यूनंतर लेफ्टी त्याचे शव विमानात ठेवतो आणि विमानाला अग्नी देतो. दफनाचा संस्कार मानणाऱ्या समाजासाठी बनलेल्या चित्रपटात ही चिता पेटते, आणि तिच्याभोवती कोणतेही भाषण नाही. पेन्साकोला येथील जळते विमान लेफ्टीच्या पराभवाचे चिन्ह होते. येथे तीच ज्वाला निरोपाची होते. काप्राच्या आरंभीच्या कामातील सर्वांत संयत प्रसंगांत याची गणना करावी लागेल.

मात्र याही प्रसंगाला इतिहासाची एक बाजू आहे. ऑक्टोबर १९२७ मध्ये लेफ्टनंट अर्ल थॉमस व सार्जंट फ्रँक डाउडेल यांचे विमान निकाराग्वाच्या डोंगरात कोसळले. दोघे जिवंत होते. पुढे सान्दिनोच्या माणसांच्या हाती सापडून ते मारले गेले. त्यांच्या शोधासाठी गेलेल्या तुकडीलाही माघार घ्यावी लागली. जानेवारी १९२८ मध्ये किलाली येथे वेढ्यात सापडलेल्या जखमींना लेफ्टनंट ख्रिश्चन शिल्ट यांनी गोळीबारातून पुन्हा पुन्हा विमान उतरवून बाहेर काढले व त्याबद्दल त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले. चित्रपटाने या दोन घटना, एक नामुष्कीची व एक पराक्रमाची, एकत्र गुंफल्या. पडलेल्या वैमानिकाचा अंत शत्रूच्या हातून न होता मित्राच्या मांडीवर झाला, आणि सुटका यशस्वी झाली. मरीन कोअरच्या स्मृतीतील एका उघड्या जखमेवर घातलेली ही फुंकर होती. ती घालताना काप्राने जे दृश्य निर्माण केले ते आपल्या बळावर उभे राहते, हेही तितकेच खरे. एकाच प्रसंगाविषयी दोन्ही विधाने करावी लागतात, यातच या चित्रपटाचे अवघडपण आहे.

उत्तरार्ध

'डिरिजिबल'मध्ये काप्राने हेच त्रिकोणाचे सूत्र अंटार्क्टिकावर नेले. तेथे वैमानिक, हवाई जहाज, फे रे या अभिनेत्रीने साकारलेली पत्नी आणि शत्रू म्हणून बर्फ आहे. बर्फाला बाजू नसते, त्यामुळे तेथे कोणाला मुके करण्याची गरज पडली नाही. चित्रपट तंत्राच्या दृष्टीने सरस आहे. 'फ्लाइट'मधील अस्वस्थता मात्र त्यात नाही, आणि पनामाच्या तोलाचे पात्रही नाही.

परकी सेनानीच्या तोंडी शब्द घालण्याची वेळ काप्रावर आणखी दोन वर्षांनी आली. 'द बिटर टी ऑफ जनरल येन' हा कोलंबियाचाच चित्रपट जानेवारी १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला. २ जानेवारी रोजी, म्हणजे त्याच महिन्याच्या आरंभी, अखेरचे मरीन सैनिक निकाराग्वातून निघून गेले होते. या चित्रपटातही यादवीने पोखरलेला देश आहे, गोऱ्यांच्या दृष्टीने लुटारू ठरलेला सेनानी आहे आणि त्याच्या ताब्यात सापडलेली एक अमेरिकी तरुणी आहे. पण हा सेनानी बोलतो. धर्मप्रसारकांच्या दयेतील अहंता तो नेमकी ओळखतो, तरुणीच्या प्रत्येक गृहीतकाला प्रश्न विचारतो, आणि चित्रपटातील सर्वांत तल्लख वाक्ये त्याचीच आहेत. लोबोला जे नाकारले गेले ते येनला उदारहस्ते दिले गेले. फक्त ती वाक्ये बोलण्यासाठी कोलंबियाने निवडलेला नट चिनी नव्हता. डोळ्यांची ठेवण रंगभूषेने बदललेला नील्स अस्थर हा स्वीडनचा अभिनेता होता.